काळीज मागणारी राणी

१८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत कोणीतरी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. एस्प्लनेडवरचा संगमरवरी पुतळा तो, सरकारचा संताप अनावर झाला. इथपर्यंतची हकीकत खरी आहे. गिरणगावात पोहोचेपर्यंत मात्र तिला शेपूट फुटले होते. राणीला हा अपमान सहन झालेला नाही, भरपाई म्हणून तिने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, आणि ती काढून घ्यायची सोय आर्थर रोडच्या इस्पितळात केली आहे. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, हे नुसते निमित्त.

याच गोष्टीचा दुसरा पाठ आणखी जुना होता. इस्पितळात माणसाला उलटे टांगतात, खाली जाळ करतात आणि डोक्यातून ठिबकणारे तेल गोळा करतात. हीच ती मोमियाई, कुठलीही जखम भरून काढणारी. प्लेग येण्याआधीपासून तिची दहशत हिंदुस्थानात होतीच. प्लेगने तिला पत्ता मिळवून दिला.

२९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. तिथे मोडतोड, मारहाण झाली. आज ज्याला आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो आणि २०२० मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण जिथे ठेवले गेले, ते हेच ठिकाण.

या कामगारांना अडाणी ठरवून मोकळे होता येते. तेव्हाच्या साहेबांनी तेच केले आणि आपल्या सुशिक्षितांपैकी कित्येकांनीही. पण साचे चालवणारी, पगाराचा पै-पैचा हिशेब ठेवणारी ही माणसे होती. त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर काय दिसत होते?

सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा आजार प्लेग असल्याचे ओळखले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की रुग्ण दिसला की त्याला गरज पडल्यास सक्तीने इस्पितळात हलवायचे, घर धुऊन काढायचे, बाकीच्यांना वेगळे ठेवायचे. मग चाळीत हे नित्याचे झाले. कोणाला ताप भरला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, की परके लोक येत, माणसाला उचलून नेत. आत नातेवाइकांना फारसे जाता येत नसे. आणि नेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नसत. प्लेगवर तेव्हा औषधच नव्हते. गाठीच्या प्लेगात उपचाराविना निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. पण चाळीतल्या माणसापुढे मृत्यूचे कोष्टक नव्हते. त्याच्यापुढे एवढेच होते की घरी असेपर्यंत माणूस जिवंत होता आणि इस्पितळात गेल्यावर मेला. यावरून ‘इस्पितळ माणसे मारते’ असा निष्कर्ष काढणे चूक होते, पण वेडेपणाचे नव्हते. डोळ्यांनी दिसणाऱ्या क्रमावरून कार्यकारणभाव जोडणे, हे आपण सगळेच दिवसभर करत असतो.

खरी गंमत, म्हणजे खरे तर शोकांतिका, पुढे होती. इस्पितळाची धास्ती बसल्यावर लोक रुग्ण लपवू लागले. पोटमाळ्यावर, कपाटामागे, शेजारच्या बिऱ्हाडात. अगदीच अखेरच्या घटकेला सापडलेला रुग्ण इस्पितळात पोहोचे तो मरायलाच. म्हणजे अफवेमुळे रुग्ण उशिरा जाणार, उशिरा गेल्यामुळे मरणार, आणि त्याच्या मरणाने अफवा खरी ठरणार. कटाच्या कथा टिकतात त्या अशा. त्यांच्यावर विश्वास ठेवून माणसे जे वागतात, त्यातूनच त्यांना पुरावा मिळत राहतो.

दुसरे वागणे म्हणजे पळणे. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यातले जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले होते. सफाई कामगारही निघून जातील आणि शहर कचऱ्यात बुडेल, या भीतीने स्नो साहेबांचा हुकूम ऑक्टोबर संपता संपताच बराच सैल करावा लागला होता.

अफवेचे मानसशास्त्र हा विषय अमेरिकेत जन्मला अशी समजूत आहे. १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि एक सूत्र मांडले. विषय जितका जिव्हाळ्याचा आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरदार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर अफवाही शून्य. सूत्र उपयोगी आहे. पण त्याच्या बारा वर्षे आधी पाटण्याच्या जमुना प्रसाद यांनी याहून खोल काहीतरी पाहिले होते आणि त्यांचे नाव आपल्याकडे अभ्यासकांपलीकडे कोणाला ठाऊक नसावे, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. गंगेचे पाणी क्षणभर नाहीसे झाले होते, अमक्या दिवशी वादळ येणार, चंद्रग्रहणाला पुन्हा मोठा धक्का बसणार. १९३५ मध्ये त्यांचा लेख ब्रिटनच्या मानसशास्त्रीय नियतकालिकात आला. त्यात ध्यानात घेण्याजोगी बाब ही की या भयंकर अफवा अशा लोकांत पसरल्या होत्या ज्यांना धक्का तर जाणवला, पण ज्यांच्या आसपास पडझड झाली नव्हती. पुढे दार्जिलिंगच्या दरडी कोसळल्यावर दुर्गानंद सिन्हा यांनी तसाच अभ्यास केला. ज्यांच्या डोळ्यांदेखत घरे गाडली गेली त्यांच्यात अशा ‘अजून भयंकर होणार’ छापाच्या अफवा आढळल्या नाहीत.

अमेरिकेतला मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर हे वाचून चक्रावला. घाबरलेल्या माणसाला दिलासा देणाऱ्या कथा हव्यात, अधिक घाबरवणाऱ्या कशा चालतील? त्याने उत्तर काढले ते असे की या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, आधीच असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. छाती धडधडते आहे आणि समोर तर सगळे जागच्या जागी उभे आहे, हे मनाला पटत नाही; मग धडधडीला साजेसे संकट मन स्वतःच उभे करते. यातूनच फेस्टिंगरचा १९५७ चा सुप्रसिद्ध सिद्धांत, मनातल्या विसंगतीचा, आकाराला आला. मानसशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेल्या या सिद्धांताचे एक मूळ बिहारच्या भूकंपात आहे.

साथीच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. जंतू दिसत नाही. भीती मात्र आजाराच्या कितीतरी आधी येते: तार येते, वर्तमानपत्र येते, हल्ली मोबाइल येतो. भीती पोहोचली आणि आजार अजून नाही, या मधल्या दिवसांत मनाला काहीतरी दिसणारे, नाव घेता येणारे हवे असते. उलटा टांगलेला माणूस आणि त्याच्या डोक्यातून गळणारे तेल हे जंतूपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते.

शिवाय जंतूला हेतू नसतो, आणि हीच त्याची सर्वांत पटायला जड जाणारी बाजू. मरीआई कोपली तर तिच्या कोपाला कारण असते. नैवेद्य दाखवून, गाडा शिवेपार नेऊन तिची समजूत काढता येते. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये मांडलेला विचार इथे आठवतो. कटाचा सिद्धांत हे दैवी कोपाचेच ऐहिक रूप आहे; देव गेले आणि त्यांच्या रिकाम्या गाभाऱ्यात बलाढ्य माणसे, गट, सावकार बसले. प्लेगच्या मुंबईत तर दोन्ही एका ठिकाणी आली होती. राणी ही डांबराने विटाळलेली मूर्तीही होती आणि हुकूम सोडणारी सत्ताही. कोप तिचाच, कटही तिचाच.

अलीकडच्या संशोधनाने कारण शोधण्याच्या या भुकेची फोड केली आहे. ब्रिटनच्या कॅरेन डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये लिहिले की कटाच्या कथा माणसाच्या तीन गरजांना हाक देतात. काय चालले आहे ते कळावे, आपण सुरक्षित असावे आणि गोष्टी थोड्याफार आपल्या हातात असाव्यात, आणि आपली माणसे चांगली ठरावीत. हातात काही नसणे किती जाचते, याचा एक प्रयोग व्हिटसन आणि गॅलिन्स्की यांनी २००८ मध्ये केला. ज्या प्रसंगी आपल्या हातात काहीच नव्हते असा प्रसंग आठवायला लावलेल्या लोकांना नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातही आकृत्या दिसू लागल्या. गंमत अशी की डग्लस यांच्या मते या कथा भूक जागवतात, भागवत नाहीत. वाचणारा अधिक असहाय होतो, आणि मग आणखी वाचतो.

आता पुणे. तिथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे, कारण तिथे अफवा आणि सत्य यांची सरमिसळ झाली आणि ती अजून पुरती सुटलेली नाही.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. (हाच कायदा महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० ला लागू केला.) त्याच फेब्रुवारीत वॉल्टर चार्ल्स रँड पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून आला. पुणेकरांना तो नवा नव्हता. साताऱ्याकडे असताना वाईच्या एका प्रकरणात प्रतिष्ठित मंडळींना तुरुंगात धाडणारा अधिकारी ही त्याची ख्याती त्याच्या आधी पोहोचली होती. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. माजघरात, देवघरात, बूट घालून. सामान रस्त्यावर काढून जाळले जाई. काखा-जांघा तपासण्याच्या निमित्ताने बायकांची विटंबना झाल्याच्या तक्रारी होत्या. पंडिता रमाबाईंसारख्या, सरकारविरोधाचा शिक्का नसलेल्या बाईंनीही प्लेग इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांविषयी वर्तमानपत्रात पत्र लिहिले.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रे येत होती. त्यांतल्या मजकुरावर विसंबून त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि एकीने त्यानंतर जीव दिला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले, आणि ज्यांनी लिहिले होते त्यांच्यापैकी कोणी पुढे यायला तयार होईना. ऑगस्टमध्ये गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. ती गोष्ट त्यांना पुढे कितीतरी वर्षे ऐकवली गेली.

ही घटना मला या सगळ्या प्रकरणात मध्यवर्ती वाटते. गोखले हे अफवा पसरवणारे गृहस्थ नव्हते. गणिताचे प्राध्यापक, आकडेवारीवर जगणारा नेमस्त माणूस. तरी ते फसले, कारण ऐकलेली गोष्ट त्यांना माहीत असलेल्या गोष्टींशी जुळत होती. घरात बुटांनिशी शिरणारा सोजीर आणखी काय करील, याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नव्हता. आणि साक्षीदार मागे हटले याचा अर्थ घटना घडलीच नाही असाही होत नाही. त्या काळात कुठल्या घराने आपल्या लेकीसुनेचे नाव साक्षीत येऊ दिले असते? सिद्ध झाले नाही, एवढेच म्हणता येते. अफवेचे मानसशास्त्र लिहिणारे बहुतेकदा समोरचा चूक आणि आपण बरोबर, अशा सोयीच्या जागेवरून लिहितात. पुण्यात ती जागा मिळत नाही.

सरकारकडे पाहिले तर ती आणखीच डळमळते. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याच्यासोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट तिथेच मेला आणि रँड जुलैच्या आरंभी. सरकारने काय मानले? पुण्याच्या ब्राह्मणांचा मोठा, खोलवर रुजलेला कट. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली खटल्याविना डांबले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. प्रत्यक्षात कृत्य निघाले काही भावांचे आणि त्यांच्या मोजक्या साथीदारांचे. एवढ्या मोठ्या घटनेमागे एवढीच माणसे कशी, हा प्रश्न राज्य चालवणाऱ्या सुशिक्षित साहेबांनाही पचला नाही. परिणाम मोठा असेल तर कारणही तेवढेच मोठे असले पाहिजे, ही ओढ माणसाच्या मनात उपजतच असते. गिरणी कामगाराने तापामागे राणी पाहिली आणि गव्हर्नराने पिस्तुलामागे अख्खे पुणे. (दामोदर चापेकरांच्या आत्मकथनावर विश्वास ठेवायचा तर मुंबईच्या पुतळ्याला डांबर फासणारेही तेच.)

याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना उचलून मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनेच गेल्या. टिळकांनी कारावासाआधी हिंदू प्लेग इस्पितळ चालवायला मदत केली. माणसे इस्पितळाला भीत होती असे सरसकट म्हणताना हे विसरायला नको. उचलणारा हात कोणाचा आहे, यावर बरेच अवलंबून होते.

लशीची कथा याहून बोलकी आहे. वाल्देमार हाफकिन या ओडेसाच्या ज्यू शास्त्रज्ञाने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत काही महिन्यांत प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. मग अफवा आल्या. पंजाबातल्या तर खासच होत्या. सुई गजभर लांब असते, टोचल्याबरोबर माणूस मरतो, पुरुषांचे पौरुष जाते, बायका वांझ होतात, आणि जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर स्वतः टोचून घेऊन अर्ध्या तासात मेला. तो साहेब जिवंत होता हे सांगायला नको. २०२१ च्या जानेवारीत भारताच्या औषध महानियंत्रकांना लशीने नपुंसकत्व येते ही वावडी साफ खोटी असल्याचे पत्रकार परिषदेत सांगावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये नाशिकला लशीनंतर अंगाला चमचे-नाणी चिकटतात असे सांगणारा व्हिडिओ देशभर फिरला. अंगावर पावडर लावा, नाणी पडतील, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांना दाखवून द्यावे लागले. शरीरात परके काहीतरी शिरणार म्हटले की सव्वाशे वर्षांनी तीच दोन-तीन भये नव्या अंगरख्यात उभी राहतात. वंश, पौरुष, आपल्या देहावरचा ताबा.

अफवांच्या या पिकात ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात खरोखरच अनर्थ झाला. एका बाटलीतली लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिनवर आला, त्याला पदावरून बाजूला केले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, हे पुढे आले. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले. पण मुलकोवालच्या शेजारच्या गावातल्या माणसाला चिमट्याची चौकशी काय सांगणार? त्याने ‘टोचले की मरतात’ असे ऐकले होते आणि माणसे मेली होती.

कटाच्या कथांना खऱ्या कटांनी खतपाणी घातले आहे, हेही कबूल करायला हवे. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत ठेवला. पाकिस्तानात ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकी गुप्तहेर खात्याने अबोटाबादमध्ये लसीकरणाचा बनाव रचला. तो २०११ मध्ये उघड झाल्यावर पोलिओचे डोस देणाऱ्यांवर संशय वाढला आणि त्यांचे जीव गेले. लशीच्या पेटीआड हेर असतो ही अफवा होती. हेरांनी ती खरी करून दाखवली.

करोनाच्या काळात संशोधकांना आणखी एक बारकावा सापडला. जर्मनीचे इमहॉफ आणि लॅम्बर्टी यांनी २०२० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या लोकांत पाहिले की ‘हा विषाणू हे थोतांड आहे’ आणि ‘हा विषाणू प्रयोगशाळेत मुद्दाम बनवला’ या दोन कथा वेगवेगळ्या वागण्याकडे नेतात. थोतांड मानणारे अंतर पाळत नाहीत, हात धूत नाहीत. मुद्दाम बनवला मानणारे स्वतःची बेगमी करतात, साठे करून ठेवतात. बरीच माणसे दोन्ही थोडे थोडे मानत असतात, हे ऐकून हसू येते. पण विसंगती खालच्या मजल्यावर आहे. वरचा मजला एकच, तो म्हणजे ‘ते आपल्यापासून काहीतरी लपवताहेत’. ते पटले की खालचे तपशील एकमेकांशी भांडले तरी बिघडत नाही.

फॉरवर्डमुळे हे अधिक वाढले, हे सर्वांना माहीत आहे. पुन्हा पुन्हा ऐकलेले वाक्य केवळ ओळखीचे झाल्यामुळे खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांनी दाखवले आहे. पेनिकूक आणि रँड (पुण्याच्या रँडशी संबंध नाही) यांच्या २०२० च्या अभ्यासात दिसले ते थोडे दिलासा देणारे आहे. खोटी बातमी पुढे ढकलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती खोटी आहे हे विचारले तर ओळखता येते; पाठवताना तो प्रश्न मनातच येत नाही. त्याआधी दुसऱ्याच एखाद्या बातमीच्या खरेपणाविषयी नुसते विचारले, तरी पाठवण्याची निवड सुधारते.

काही अफवा मात्र प्रश्नाने थांबत नाहीत. कोंबडीतून करोना होतो ही वावडी २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये उठली आणि महाराष्ट्रातल्या कुक्कुटपालकांचे दिवाळे निघाले. कोंबडीचे दर उत्पादनखर्चाच्या खाली गेले. ते नुकसान पैशांचे. एप्रिलमध्ये पालघरच्या डोंगराळ पट्ट्यात मुले चोरणारे, मूत्रपिंडे काढून नेणारे लोक रात्री फिरतात अशी कुजबुज सुरू झाली. टाळेबंदी, कामधंदा बंद, गावागावांत रात्रीची गस्त. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले इथे जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला ठार मारले. पुढे महिनोन् महिने त्या घटनेवर राजकारणाचे आणि धर्माचे थर चढवले गेले, आणि देशभर गाजला तो वाद तेवढाच. मुळातली गोष्ट, अवयव काढून नेणाऱ्या परक्यांची, मागे पडली. त्याच वर्षी उन्हाळा सरल्यावर पंजाबात करोनाच्या नावाखाली नेलेल्यांचे अवयव काढतात अशी अफवा पसरली आणि कित्येक ग्रामपंचायतींनी गावात तपासणी करू देणार नाही असे ठराव केले. आर्थर रोडची कथा, फक्त तेलाऐवजी मूत्रपिंड. रुग्णाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेत होते, घरच्यांना तोंड पाहू देत नव्हते. संसर्गाच्या दृष्टीने त्यामागे कारणे होती. पण बंद दाराआडची जागा मोकळी राहिली की ती कथेने भरते.

मग अशा वेळी काय चालले, काय चालले नाही? प्लेगच्या काळात मुंबईत आगाखान, तेव्हा जेमतेम विशीचे, त्यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले; खोजा समाजात लस हजारोंनी पसरली. हाफकिनने तर त्यांच्याआधी स्वतःला टोचलेच होते, पण तो परका. उत्तर प्रदेशात पोलिओचे डोस म्हणजे मुसलमानांची संख्या कमी करण्याचा डाव ही समजूत या शतकाच्या आरंभी फार खोल गेली होती. तिथे पत्रके वाटून फारसे झाले नाही. मौलवी, मदरशाचे शिक्षक, त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर गेल्या, मुलाच्या तोंडात थेंब टाकण्याआधी त्याच्या जुलाबाची, पाण्याची चौकशी करू लागल्या, तेव्हा दारे उघडली. भारतातला वन्य पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ चा, हावड्याचा.

मुंबई इलाख्यातले सरकारही १८९८ नंतर हळूहळू शहाणे झाले. त्या मार्चमध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला नेण्यावरून दंगल उसळली होती, त्याआधी सिन्नरला उसळली होती. सक्ती सैल झाली, जातीजमातींना आपापली इस्पितळे काढू दिली, सोजीर माघारी गेले. आणि मग एक गोष्ट उजेडात आली जी बहुतेक तज्ज्ञांनी धरली नव्हती. तोवर सरकार प्लेग घाणीत, गटारात, दमट भिंतीत शोधत होते. रस्त्यांवर, घरांत कार्बोलिक ओतत होते. पॉल-लुई सिमों याने १८९८ मध्ये कराचीत उंदीर आणि पिसू यांचा दुवा दाखवला तेव्हा त्याची टर उडवली गेली. १९०५ च्या सुमारास नेमलेल्या आयोगाने मुंबईत प्रयोग करकरून तो मान्य केला. दरम्यान देशावरच्या गावांत लोकांची आपली रीत बसली होती. घरात उंदीर पडू लागले की भांडीकुंडी, जनावरे घेऊन सगळा गाव माळावर झोपड्या घालून राहायला जायचा आणि उंदीर पडायचे थांबल्यावर परतायचा. त्यासाठी दरवेळी सक्ती लागत नव्हती. उंदीर-पिसूचा दुवा मान्य झाल्यावर या रितीमागचे कारणही कळले.